कंपनीच्या नावावरची आलिशान मोटार आणि ग्राहक आयोग: एक खुलासा

इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर भागांतील मराठी व्यावसायिकांत एक समज पक्का रुजला आहे: आलिशान मोटार कंपनीच्या नावावर घेतली असेल, तर ती कितीही वेळा बंद पडली आणि सेवा केंद्राने दाद दिली नाही, तरी ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. हे चुकीचे आहे. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर राहते हे खरे. परंतु प्रयोजन ठरते ते वापरावरून, नोंदणीपुस्तकातील नावावरून नव्हे. संचालकांच्या वापरासाठी कंपनीने घेतलेल्या मर्सिडीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ही खरेदी व्यापारी मानण्यास नकार दिला. खरेदी व्यापारी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्या पक्षावर असते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार राहत्या ठिकाणीही करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास इंदूरचा जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत भोपाळचा राज्य आयोग, आणि त्याहून अधिक असेल तरच दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. तक्रार करण्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची.

संपूर्ण मोटार बदलून मिळणे मात्र अवघड असते, कारण निर्मितीतील दोष सिद्ध करावा लागतो. म्हणून प्रत्येक खेपेचे जॉब कार्ड (सेवा केंद्राचा दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) आपल्या तक्रारीच्या नेमक्या वर्णनासह घ्यावे; नुसते ‘जनरल चेकअप’ लिहिलेला कागद आयोगापुढे फारसा उपयोगी पडत नाही.