टीएलडी बॅज कसा मिळतो? बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार भागात रेडिएशनजवळ काम करणाऱ्यांसाठी

"बॅजचा फॉर्म कुठं मिळतो?" असं एक्स-रे विभागात नव्यानं लागलेली मुलं विचारतात. टीएलडी बॅज म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं, म्हणजेच किती डोस मिळाला, ते मोजणारा छोटा बिल्ला. त्यासाठी कामगारानं स्वतः अर्ज करायचा नसतो. अर्ज संस्थेनं करायचा, खर्चही तिनंच करायचा. 2004 च्या अणुऊर्जा (किरणोत्सार संरक्षण) नियमांनी ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. म्हणून रुजू होताना पहिल्याच आठवड्यात विचारा, "माझा बॅज कधी येणार?" विचारायला संकोच वाटतो, पण विचारा.

बॅज कुणाला लागतो? एक्स-रे आणि सीटी टेक्निशियन, कॅथलॅबमधले (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात तो विभाग) डॉक्टर व सिस्टर, ऑपरेशनच्या वेळी सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राजवळ उभे राहणारे, कॅन्सरच्या रेडिएशन उपचार विभागातले कर्मचारी यांना. कास्टिंग किंवा वेल्डिंगचे दोष पाहण्यासाठी इरिडियम-192 या किरणोत्सारी पदार्थाचा कॅमेरा हाताळणाऱ्यांनाही तो हवाच. बेळगावात फाउंड्र्या भरपूर, म्हणून हे मुद्दाम सांगतो. काम कंत्राटदारामार्फत असलं तरी बॅजविना कॅमेऱ्याजवळ जाऊ नका. वय किमान 18 पूर्ण हवं. 16 ते 18 मधली मुलं फक्त प्रशिक्षणार्थी म्हणून चालतात आणि त्यांची डोसची मर्यादाही कमी आहे. नुसतं केस पेपर काढणाऱ्याला बॅजची गरज नाही.

संस्थेची नोंद आधी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीत असावी लागते. यंत्राचा परवानाही तिथूनच मिळतो. त्यानंतर मान्यताप्राप्त टीएलडी प्रयोगशाळेकडे अर्ज जातो. त्यात संस्थेचा पत्ता, यंत्रांचा प्रकार, रेडिएशन सेफ्टी ऑफिसरचं नाव आणि कामगारांची यादी असते. तुम्ही द्यायची माहिती म्हणजे पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, जन्मतारीख, शिक्षण, रुजू झाल्याची तारीख आणि आधी कुठं बॅज वापरला असेल तर तो जुना वैयक्तिक क्रमांक. सोबत ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा आणि शिक्षणाच्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्स तयार ठेवा.

आपल्या भागात घोळ होतो तो नावाचा. मराठी शाळेच्या दाखल्यावर परशराम, कन्नडमधून झालेल्या कागदावर परशुराम. एकाकडं आडनाव आधी, दुसऱ्याकडं शेवटी. त्यात 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, तेव्हा जुन्या कागदांवर बेलगाम आणि नव्यावर बेळगावी. अर्जात जे स्पेलिंग जाईल त्याच नावानं तुमच्या डोसची नोंद राहते. म्हणून दहावीच्या मार्कशीटवरचं किंवा आधारवरचं एकच स्पेलिंग ठरवा आणि यादी पाठवण्याआधी ती स्वतः वाचा. हा विषय केंद्र सरकारचा आहे, त्यामुळं कन्नड लिहिता येत नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही.

तो जुना क्रमांक फार महत्त्वाचा. खानापूरचा मुलगा कोल्हापुरात चार वर्षं काम करून बेळगावला आला, तर राज्य बदललं म्हणून त्याच्या अंगावर पडलेला डोस पुसला जात नाही. देशभराची नोंद भाभा अणुसंशोधन केंद्राकडं असते. मर्यादा आहे सलग पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट (डोस मोजण्याचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. नवीन क्रमांक घेतला की आधीचा हिशेब तुटतो आणि ही पाच वर्षांची बेरीज चुकते. नोकरी सोडताना क्रमांक आणि आजवरच्या डोसचा तपशील लेखी मागून घ्या.

बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या किरणांची ऊर्जा साठवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की उजेड देतात. त्या उजेडावरून डोस मोजतात. या चकत्या बसवलेलं कार्ड दवाखान्यांसाठी साधारण तीन महिन्यांनी बदलतं. होल्डर, म्हणजे कार्डाची बाहेरची डबी, आपल्याकडंच ठेवून वापरलेलं कार्ड परत पाठवायचं. पाकिटासोबत एक कंट्रोल बॅज येतो. तो रेडिएशनपासून दूर ठेवावा आणि बाकीच्यांसोबत परत पाठवावा, नाहीतर तुलना करता येत नाही.

बॅज छातीवर, लेड ॲप्रनच्या आत लावायचा. माझ्या पहिल्या नोकरीत सगळ्यांचे बॅज एक्स-रे रूममध्येच ॲप्रनला लटकत असत. रिपोर्ट आला तो त्या खोलीचा, माणसांचा नव्हे, आणि आम्हाला ते कळायला दोन तिमाही गेल्या. ड्यूटी संपली की बॅज एक्स-रे रूमच्या बाहेर ठेवा. दुसऱ्याचा लावू नका. स्वतःचा एक्स-रे काढून घेताना काढून ठेवा.

गरोदर असाल तर लगेच लेखी कळवा. कळवल्यापासून उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलीसिव्हर्टपेक्षा जास्त डोस जाता कामा नये, आणि त्याप्रमाणे काम बदलून देणं मालकाला भाग आहे. बॅज हरवला, खिशात राहून धुतला गेला, तर लपवू नका. सेफ्टी ऑफिसरला त्याच दिवशी लिहून द्या आणि दुसरा मागवायला सांगा.