गुणोत्तर, परिमेय संख्या आणि बैजिक राशी यांचा सराव (कोल्हापूर)

सहावी ते आठवीच्या गणितातील तीन घटकांवरची उदाहरणे पुन्हा पुन्हा सोडवण्याचा अभ्यास. पुस्तकात हे घटक निरनिराळ्या प्रकरणांत येतात, पण ते एकाच घरातले आहेत. दोन राशींची तुलना भागाकाराने केली की गुणोत्तर होते. तो भागाकार पूर्णांकांचा असला आणि त्यालाच एक संख्या मानले की ती परिमेय संख्या. एखादी संख्या अजून ठरायची असेल आणि तिच्या जागी अक्षर मांडले, की बैजिक राशी. कोल्हापुरात या तिन्हींचा वापर शाळेबाहेर रोज होतो : डंकावर (मसाला कांडण्याच्या गिरणीत), नदीकाठी आणि उसाच्या बिलात. या नोंदीत जुन्या मराठी पुस्तकांच्या रिवाजाने क्ष, य ही अक्षरे घेतली आहेत; आजच्या पुस्तकांत इंग्रजी अक्षरे असतात, गणित तेच.

मराठी माध्यमाची पुस्तके पुण्याची बालभारती (स्थापना १९६७) तयार करते. सहावीत गुणोत्तर-प्रमाण आणि सोपी समीकरणे येतात, सातवीत परिमेय संख्यांवरील क्रिया, बैजिक राशी व समप्रमाण-व्यस्तप्रमाण, आठवीत अवयव. प्रत्येक प्रकरणात ‘सरावसंच’ असतात. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्या या संस्थानी मुलखात शिष्यवृत्तीच्या तयारीला आजही घरोघरी वजन आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचे ठरले. आठवीच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे असत. ९० : ७५ म्हणजे ६ : ५, पाच प्रश्नांना सहा मिनिटे, एकाला ७२ सेकंद. हे गुणोत्तर मुलांना तोंडपाठ होते आणि सरावाची सगळी चाल तेच ठरवू लागते. ते फारसे बरे नाही. कोल्हापुरात जन्मलेले (१९३८) खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर बनारसमधल्या आपल्या लहानपणाची आठवण सांगत : घरातल्या फळ्यावर मोरूमामा एखादे अवघड गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसले जात नसे. सरावसंच उरकण्याच्या घाईत हा फळा हरवतो.

या घटकांची पहिली शाळा मराठी भाषाच आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द पोर शाळेत जाण्याआधी बोलते. मागच्या पिढ्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणत. औट म्हणजे साडेतीन. अंबाबाईचे कोल्हापूर साडेतीन शक्तिपीठांपैकी एक, तेव्हा ७/२ ही संख्या इथल्या मुलाला पुस्तकाआधी देवळात भेटलेली असते. या शब्दांत नुसत्या संख्या नाहीत, क्रियाही आहेत. ‘सव्वा’ म्हणजे पुढच्या संख्येत १/४ मिळवा, ‘साडे’ म्हणजे १/२ मिळवा, ‘पावणे’ म्हणजे १/४ वजा करा. क्ष च्या जागी पाच ठेवा किंवा अकरा, ‘पावणे क्ष’ म्हणजे नेहमीच क्ष − १/४. आता ‘पावणेदोनशे’ घ्या. २०० − १/४ असे त्याचे उत्तर काढणारा माणूस बाजारात सापडणार नाही. सगळे १७५ म्हणतात, म्हणजे (२ − १/४) × १००. कंस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे जिभेला ठाऊक आहे. तेच मूल वहीत १००(२ − क्ष) चे २०० − क्ष करते. तेव्हा त्याला पावणेदोनशेची आठवण करून देणे हा नव्या नियमापेक्षा जवळचा रस्ता आहे.

गुणोत्तरातली मुख्य चूक भाग आणि पूर्ण यांच्या घोटाळ्याची. उन्हाळ्यात चटणी (बाहेरचे लोक जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात) कांडायला डंकावर नेतात. समजा ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची ३ : २ घ्यायची आणि एकूण मिरची साडेसात किलो आहे. ब्याडगी किती? पुष्कळ मुले ३/२ हा अपूर्णांक घेऊन साडेसातला गुणतात आणि सव्वाअकरा किलो काढतात. एकूण मिरचीपेक्षा त्यातली एक जास्त भरली हे त्यांच्या नजरेतून सुटते. ब्याडगी संकेश्वरीच्या ३/२ पट आहे, पण एकूण मिरचीच्या ३/५. म्हणून साडेचार आणि तीन किलो. दुसरी चूक एककांची : पाच किलो मिरचीला २५० ग्रॅम मीठ म्हणजे मीठ व मिरचीचे गुणोत्तर २५० : ५ नव्हे, २५० : ५०००, म्हणजे १ : २०. एकक एक केल्यावर ते गळून पडते आणि गुणोत्तर निव्वळ संख्या उरते. व्यस्तप्रमाणाची गणिते (माणसे वाढली की दिवस कमी) त्यामानाने सोपी जातात, कारण उत्तर वाढणार की घटणार हे आधीच कळलेले असते.

परिमेय संख्यांसाठी पंचगंगेसारखा फळा नाही. पावसाळ्यात कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी शहरात सगळ्यांच्या तोंडी असते : इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आकडे फूट-इंचांत येतात आणि गंमत तिथेच सुरू होते. सातवीतल्या एखाद्या वहीत सकाळची पातळी ‘३९ फूट ७ इंच’ ही ३९.७ अशी आणि रात्रीची ‘३९ फूट १० इंच’ ही ३९.१० अशी उतरलेली दिसते. दशांशाच्या नियमाने ३९.१० ही ३९.७ पेक्षा लहान. नदी तीन इंच चढली आणि वहीत उतरली! बारा इंचांचा फूट आहे, म्हणून सात इंच म्हणजे ७/१२ फूट, आणि दशांशात ०.५८३३… हा तीन संपत नाही, कारण १२ च्या अवयवांत २ च्या जोडीला ३ आहे. अपूर्णांकाच्या अतिसंक्षिप्त रूपातल्या छेदात २ आणि ५ यांखेरीज मूळ अवयव नसतील तरच दशांश रूप खंडित होते. दहा इंच म्हणजे ५/६ फूट; तेही आवर्तीच. सहा इंच मात्र नीट ०.५.

याच पट्टीवर ऋण संख्याही वाचता येतात. धोका पातळीला शून्य मानले तर सकाळची पातळी ४७५/१२ − ५१६/१२ = −४१/१२, म्हणजे धोक्याच्या ३ फूट ५ इंच खाली. हे −३ ५/१२ असे लिहिले की नवी चूक उगवते : उणे चिन्ह फक्त तीनचे आणि ५/१२ धन, असे धरून मुले संख्यारेषेवर −३ च्या उजवीकडे खूण करतात. चिन्ह सगळ्या संख्येचे आहे, −(३ + ५/१२). तुलनेतही हीच पट्टी कामी येते. −३/४ आणि −२/३ यांत मोठी कोणती, हा प्रश्न ‘कोणते पाणी धोक्याच्या जास्त जवळ’ असा विचारला की छेद १२ करून −९/१२ आणि −८/१२ मांडायचे, पुढे सांगावे लागत नाही. ऋण आणि धन हे शब्द देण्याघेण्याच्या हिशेबातले आहेत, ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम दिले. धोक्याखालचे पाणी हे ऋण म्हणून बरे चालते, पण ऋण × ऋण = धन हे नदीवरून समजावू नये. ते ओढून आणलेले होते.

बैजिक राशींत शिकवण्याची एक लाडकी युक्ती सरावालाच नडते. ३क्ष + ४य यांची बेरीज ७क्षय का होत नाही, तर म्हणे ‘तीन आंबे आणि चार केळी मिळून सात आंबाकेळी होत नाहीत’. त्या दिवसापुरते पोर गप्प बसते. पण पुढच्याच सरावसंचात ३क्ष × ४य = १२क्षय येते, आणि आंब्याला केळ्याने गुणायचे कसे हे कुणी सांगत नाही. क्ष हा आंबा नव्हे, आंब्यांचा भाव किंवा संख्या. अक्षर संख्येच्या जागी उभे असते. हे पक्के करायला ताळा पुरे : क्ष = २, य = ५ घ्या. ३क्ष + ४य = २६, ७क्षय = ७०. मिटला वाद. दोन राशी समान आहेत का, असा संशय आला की एखादी किंमत घालून पाहायची ही सवय लागली, तर उणे चिन्हामागचा कंस सोडताना −(२क्ष − ५) चे −२क्ष − ५ करणारा हात स्वतःच थांबतो. क्ष = ० घातले की एकीकडे ५ आणि दुसरीकडे −५. मात्र ० किंवा १ या किमती कधी कधी चुकीलाही पास करतात. क्ष² आणि क्ष यांतला फरक दोन्ही लपवतात. ताळ्याला ३ किंवा ५ अशी किंमत घ्यावी.

तिन्ही घटक एका कागदावर पाहायचे तर उसाचा दर घ्यावा. साखर उतारा हे स्वतःच गुणोत्तर आहे : शंभर किलो उसातून किती किलो साखर. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरवलेली एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे, आणि त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ ला ३.४६ रुपये जादा. न ही ०.१ च्या पायऱ्यांची संख्या धरली तर दर ३५५ + ३.४६न. उतारा १२.२५ असेल तर न किती? वर्गात हमखास ‘दोन’ असे उत्तर येते, कारण दोन टक्के वाढले. पण पायरी ०.१ ची आहे, तेव्हा न = २०. दर ४२४.२० रुपये, टनाला ४,२४२. न = २ घेणाऱ्याचा दर ३६१.९२ निघतो, टनामागे ६२२.८० रुपयांनी कमी; एकरी ४० टन धरले तर २४,९१२ रुपयांचा फटका. इतक्या पैशांची चूक घरातल्या कुणाच्याही नजरेला लगेच सापडते. हातात पडणारी रक्कम याहून कमी, कारण टनामागे तोडणी-वाहतूक त रुपये वजा होतात : ३५५० + ३४.६न − त.

आता पायऱ्या सोडून थेट उतारा उ घेऊ : ३५५ + ३४.६(उ − १०.२५). कंस सोडला की ३५५ + ३४.६उ − ३५४.६५, म्हणजे ३४.६उ + ०.३५. पस्तीस पैसे सोडले तर दर उताऱ्याच्या समप्रमाणात आहे. हे पैसे उरतात का, तर ३५५ ला १०.२५ ने भागून पाहावे : १४२०/४१, दशांशात ३४.६३४१४६३४१४…, ‘६३४१४’ हे पाच अंक फिरून फिरून येणारी परिमेय संख्या. तिचे शेपूट छाटून ३४.६ घेतले, त्या छाटणीचा हिशेब म्हणजे हे पस्तीस पैसे. आठवीच्या मुलाने हे एकदा स्वतः करून पाहिले तर गुणोत्तर, आवर्ती दशांश आणि कंस सोडणे ही तीन प्रकरणे वेगळी का ठेवली होती, असे तोच विचारतो.

उतारा १०.२५ च्या खाली गेला तर न ऋण होतो आणि दर त्याच हिशेबाने उतरतो. ९.५ ला न = −१५/२; दर ३५५ − २५.९५ = ३२९.०५ रुपये. त्याखाली मात्र राशी चालत नाही : उतारा ९.५ पेक्षा कमी असला तरी दर ३२९.०५ च राहतो.