साठ जणांनी वाचलं, बोललं कोणीच नाही

मुलांच्या ऑनलाइन छळाचा विषय निघाला की घरोघरी एकच तोडगा: फोन काढून घ्या. फोन कपाटात गेला तरी ग्रुप चालूच राहतो, हे कोणी लक्षात घेत नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडचा कॉलेजचा ग्रुप घ्या. कन्नडच्या तासाला अडखळत वाचणाऱ्या मराठी पोराचा व्हिडिओ कोणीतरी टाकतो. चिडवणारे तिघं, हसणारे दहा, बाकी साठ नुसते बघे. खरी गोम या साठांत आहे.

1968 साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते. मधेच एकाला फिट आल्याचा आवाज येई (तो आधीच टेप केलेला होता). ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत असेल, तर फिट संपायच्या आत 85 टक्के जण मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त 31 टक्के. न उठलेले निर्दयी नव्हते. कित्येकांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते. दुसरं कोणीतरी जाईल, एवढंच प्रत्येकाला वाटलं. माणसं वाढली तशी जबाबदारी वाटली गेली.

व्हॉट्सॲपवर याला आणखी एक पीळ बसतो. व्हिडिओ टाकणाऱ्याला 'मेसेज इन्फो'मध्ये वाचणाऱ्यांची यादी दिसते; साठ जणांनी बघितलं आणि कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे चालतंय, असा अर्थ तो लावतो. ज्याचा व्हिडिओ आहे, तो त्याच शांततेवरून धरून चालतो की सगळेच आपल्यावर हसताहेत. बघ्यांच्या मनात मात्र यातलं काहीच नसतं.

म्हणून ग्रुपवर 'कोणीतरी थांबवा रे' लिहून उपयोग नाही, जबाबदारी पुन्हा वाटली जाते. ॲडमिनला नावानिशी, वेगळा मेसेज करावा: हे डिलीट कर. आपण हसत नाही, हे त्या मुलालाही वेगळं कळवावं.

पोर गप्प झालं, जेवेना, की काही घरांत अजून अंगारा लावतात, दृष्ट काढतात. तेवढ्या वेळात पुरावा डिलीट होतो. ग्रुप सोडण्याआधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावेत. सेव्ह केलेल्या नंबराचं चॅटमध्ये फक्त नाव येतं, म्हणून प्रोफाइल उघडून नंबराचाही घ्यावा. तक्रारीत नेमकी हीच गोष्ट राहून जाते. मग 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करावा, नाहीतर बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाण्यात जावं.