झोक्याखालचा खड्डा : आपल्या बागा आणि खेळाची मैदानं अशी कशी झाली

कुठल्याही जुन्या बागेत जाऊन झोक्याखाली बघा, तिथे एक खड्डा असतोच. पोरांचे पाय घासून घासून माती निघून जाते, पाऊस पडला की त्यात पाणी साचतं, मग दोन-तीन दिवस कोणी त्या झोक्याकडे फिरकत नाही. वर साखळी जिथे हुकात अडकवलेली असते तिथली कडी नीट बघितली तर एका बाजूने झिजून पार बारीक झालेली दिसते. खड्ड्यात माती भरायला दोन-चार घमेली पुरतात, कडी बदलायला त्याहून कमी वेळ लागतो, तरी महिनोन्‌महिने ते होत नाही. मला आधी वाटायचं पैसे नसतात म्हणून होत नसेल. पण बागांचा इतिहास वाचायला लागल्यावर लक्षात आलं की बाग बांधायला पैसे बहुतेक वेळा कुठून ना कुठून उभे राहिलेत, कपात करायची वेळ आली की पहिली गदा मात्र बागेत रोज हजर असणाऱ्या माणसावर आलीय.

मुळात सगळ्यांसाठी बाग ही कल्पनाच फार जुनी नाही. आधी बागा असायच्या त्या राजांच्या नाहीतर श्रीमंतांच्या, त्यांनी फाटक उघडलं तर लोक आत जाणार. कारखान्यांमुळे इंग्लंडमधली शहरं फुगली, माणसं एकेका खोलीत दाटीवाटीने राहायला लागली, तेव्हा १८३३ मध्ये तिथल्या संसदेच्या एका समितीने सांगितलं की कामकरी लोकांना फिरायला मोकळी जागा हवी. १८४० मध्ये डर्बी शहरात जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने लोकांसाठी बाग दिली, पण फुकट प्रवेश फक्त रविवारी आणि बुधवारी, बाकी दिवशी तिकीट. १८४७ मध्ये बर्कनहेड पार्क उघडलं, ते सार्वजनिक पैशातून झालेलं. अमेरिकेचा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड १८५० मध्ये तिथे जाऊन आला आणि इतका भारावला की पुढे १८५८ मध्ये कॅल्व्हर्ट वॉक्सबरोबर त्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा जो आराखडा केला त्यात ती छाप दिसते.

पण या बागा बघायच्या होत्या, चालायच्या होत्या, धुडगूस घालायला नव्हत्या. हिरवळीवर पाय ठेवू नका ही पाटी त्याच काळातली देणगी, आणि ती अजून कितीतरी बागांमध्ये आहे.

लहान मुलांसाठी म्हणून वेगळी जागा ही गोष्ट वाळूच्या ढिगापासून सुरू झाली हे मला फार आवडतं. जर्मनीत बालशिक्षणाचा विचार करणाऱ्या लोकांमुळे बर्लिनच्या बागांमध्ये मुलांसाठी वाळूचे ढीग टाकलेले असायचे. मारी झाकशेव्स्का या डॉक्टर बाईंनी ते पाहिलं आणि बॉस्टनला कळवलं, आणि १८८५ मध्ये तिथल्या एका गरीब वस्तीत वाळूचा ढीग टाकला गेला. बस, एवढंच, ना झोका ना घसरगुंडी. पण वाळूबरोबर लक्ष ठेवायला बायका होत्या, आधी आपखुशीने येणाऱ्या आणि थोड्या वर्षांत पगारी. म्हणजे मैदान म्हणजे साहित्य अधिक माणूस, हे पहिल्यापासून धरलेलंच होतं, वेगळं सांगायची गरज कोणाला वाटत नव्हती.

१९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या दाट वस्तीत स्यूअर्ड पार्कचं मैदान झालं, शहराने स्वतःच्या खर्चाने बांधलेलं कायमस्वरूपी मैदान म्हणून ते अमेरिकेतलं पहिलं मानतात. १९०६ मध्ये तिथे मैदानांसाठी राष्ट्रीय संघटना निघाली. त्या लोकांचा भर खेळण्यांपेक्षा मुलांना खेळवणारे, शिकवून तयार केलेले मार्गदर्शक नेमण्यावर होता. मग आल्या मोटारगाड्या. रस्ता ही मुलांची सगळ्यात जुनी खेळायची जागा, ती गाड्यांनी घेतली, मुलं चाकाखाली यायला लागली आणि मैदानांची मागणी एकदम वाढली. आज आपण मुलांना 'रस्त्यावर खेळू नका' म्हणतो ते इतकं अंगवळणी पडलंय की रस्ता मुलांकडून काढून घेतला गेला होता हे आठवतही नाही, आणि त्याच्या बदल्यात कुंपणाच्या आतला एक तुकडा दिला गेला, तोही निगराणीशिवाय सोडून द्यायचा हे मला अजिबात पटत नाही.

साहित्य आलं ते साधारण याच सुमारास. इंग्लंडमध्ये केटरिंगला चार्ल्स विकस्टीड नावाच्या इंजिनिअरने १९२१ मध्ये स्वतःचं पार्क लोकांना खुलं केलं, पाइप जोडून झोके केले, फळ्यांची घसरगुंडी केली, आणि मुलांची झुंबड बघून त्याच्या कारखान्यात तेच बनायला लागलं. जंगल जिमची गोष्ट आणखी मजेदार. शिकागोचा वकील सेबास्टियन हिंटन, त्याचे वडील गणिती होते आणि जपानला असताना पोरांना अवकाशातली मितींची कल्पना कळावी म्हणून त्यांनी बांबूंची चौकट बांधली होती, पोरांना गणित किती कळलं देव जाणे पण चढायला उतरायला मजा आली, ती आठवण ठेवून मुलाने लोखंडी नळ्यांचं जंगल जिम केलं आणि १९२३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आजही मुलं त्याच चौकटीवर उलटी लटकतात.

पुढे सगळ्या शहरांनी एकच साचा उचलला, चार झोके, एक घसरगुंडी, एक सीसॉ, खाली डांबर किंवा काँक्रीट. न्यूयॉर्कमध्ये पार्कखात्याचा प्रमुख रॉबर्ट मोझेस याच्या काळात, म्हणजे १९३४ पासून पुढे, अशी शेकडो मैदानं झाली. डांबर का, तर झाडायला सोपं, चिखल नाही, खर्च कमी. म्हणजे झोक्याखालच्या खड्ड्यावर शोधलेला उपाय हा होता! त्याची किंमत मुलांच्या डोक्यांनी मोजली, तिकडे नंतर येतो.

मधल्या काळात दोन माणसांनी हा साचा मोडला. डेन्मार्कचा कार्ल थिओडोर सोरेन्सेन स्वतः मैदानं आखायचा, पण त्याच्या लक्षात आलं की मुलं त्याने आखलेल्या जागेपेक्षा बांधकामाच्या पडीक सामानात जास्त रमतात. १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुपला जुनी लाकडं, विटा, हातोडे-खिळे देऊन मुलांना वाटेल ते बांधू देणारं मैदान सुरू झालं. तिथेही जॉन बर्टेलसन हा पूर्णवेळ माणूस होता, आणि तो होता म्हणूनच मुलांच्या हातात हातोडा देता आला. दुसरा नेदरलँड्सचा वास्तुकार आल्डो व्हॅन आइक. ॲमस्टरडॅममध्ये १९४७ मध्ये त्याने पहिलं छोटं मैदान केलं, वाळूचा चौकोन, चार दगड, वाकवलेल्या नळ्या, आणि पुढच्या तीसेक वर्षांत सातशेच्या वर केली, बरीचशी घरांच्या मधल्या उरल्यासुरल्या जागांवर. लोक पालिकेला पत्रं लिहायचे की आमच्या कोपऱ्यावर पण करा, आणि पालिका करायची. मला यातलं हे सगळ्यात मोठं वाटतं, कारण चौरस मीटरचा हिशोब सगळेच मांडतात, पण पाच वर्षांच्या पोराला घरातून निघून स्वतःच्या पायाने तिथे पोचता येतं का हा प्रश्न फार थोड्यांनी विचारलाय.

आता डांबराकडे. १९७० च्या दशकात अमेरिकेत उंच घसरगुंड्यांवरून पडून डोक्याला मार लागल्याचे खटले वाढले, १९८१ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मैदानांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली, युरोपात १९९८ मध्ये ईएन ११७६ हे मानक आलं ज्यात खेळण्यावरून पडायची उंची जास्तीत जास्त तीन मीटर धरलीय. त्यातून रबर मॅट आल्या, गोल फिरणाऱ्या चक्र्या गेल्या, घसरगुंड्या बुटक्या झाल्या. डोकी वाचली हे चांगलंच झालं. पण मॅट उन्हात तापते, कडेने उचकटते, एकदा फाटली की पाय अडकतो, आणि ती चिकटवायला परत माणूसच लागतो.

सोयी कोणासाठी हा प्रश्नही उशिरा आला. १९९० मध्ये अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि व्हीलचेअर मैदानात कशी शिरणार याचा विचार सुरू झाला. व्हिएन्नात १९९० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा दिसलं की नऊ वर्षांनंतर मुली पार्कात यायच्या हळूहळू थांबतात, कारण एकच मोठं मोकळं मैदान असेल तर ते मोठी मुलं ताब्यात घेतात. तिथे दोन पार्कांत जागेचे छोटे भाग पाडले, जास्त वाटा काढल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, आणि मुली परत दिसायला लागल्या. बाक कुठे आहे, दिवा लागतो का, टॉयलेटला आतून कडी आहे का, असल्या बारीक गोष्टींवर एखादी बाई किंवा म्हातारं माणूस बागेत येणार की नाही हे ठरतं. ओपन जिमचं उद्घाटन झालं की फोटो निघतात, टॉयलेटच्या कडीचे कोण काढणार.

आणि मग माणसं काढली गेली. न्यूयॉर्क १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर आलं, पार्कांचे कर्मचारी कमी झाले आणि ज्या सेंट्रल पार्ककडे बघून जगाने बागा केल्या तिथली हिरवळ उघडी धूळ झाली. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने बागांची देखभाल टेंडरवर गेली. एकेका बागेचा राखणदार गेला आणि त्याच्या जागी गाडीतून येऊन गवत कापून जाणारी टोळी आली, जिला त्या बागेतलं कुठलं झाड कुठल्या वर्षी लावलं, कुठल्या झोक्याची कडी झिजलीय हे माहीत असायचं कारणच नव्हतं. शेवटी १९९६ मध्ये लॉटरीच्या पैशातून जुन्या बागा दुरुस्त करायची योजना काढावी लागली, म्हणजे रोजचं थोडं वाचवलं ते एकरकमी घालावं लागलं.

न्यूयॉर्कमध्ये १९८० साली सेंट्रल पार्कसाठी कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे पार्क सांभाळणारी खाजगी संस्था, निघाली, पुढे १९९६ मध्ये त्यांनी पार्कचे ४९ भाग पाडले आणि प्रत्येक भागाला एक माळी नेमून दिला. तो भाग त्याच्या नावावर. तिथे एखाद्या झोक्याखाली खड्डा पडला की तो कोणाला दाखवायचा, हे विचारत फिरावं लागत नाही.