माऊस आणि रॅट: दोघांनाही ‘उंदीर’ म्हणतो, तिथेच घोळ होतो

मराठीत माऊस पण उंदीर आणि रॅट पण उंदीर, इकडे गोव्यात कोकणीतही दोघं हुंदीरच. घरात त्याने काही बिघडत नाही. कॉलेजच्या प्राणीघरात, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात तिथे, मात्र खूप बिघडतं, आणि हे मी स्वतः चुकून शिकले म्हणून आज सविस्तर लिहितेय, कारण फार्मसीला नवीन येणारी पोरं अजूनही तेच करताना दिसतात.

आधी ओळख. आपल्या कॉलेजांमधे बहुतेक वेळा स्विस अल्बिनो माऊस आणि विस्टार रॅट असतात. दोन्ही पांढरेशुभ्र, दोघांचे डोळे लाल, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटतं की माऊस म्हणजे रॅटचं पिल्लू. तसं नाहीये. मोठा माऊस २५-३५ ग्रॅमचा, मोठा रॅट २५० ते ४०० ग्रॅमचा, आणि रॅटचं पिल्लू माऊसएवढं असलं तरी त्याचं डोकं जड, पावलं मोठी, शेपूट जाड दिसतं, माऊसचं तोंड टोकदार आणि कान डोक्याच्या मानाने मोठे. आतूनही फरक आहे, माऊसला ४० गुणसूत्रं, रॅटला ४२, आणि माऊसला पित्ताशय असतं, रॅटला नसतंच. दोघांचे पूर्वज एक कोटीहून जास्त वर्षांपूर्वी वेगळे झालेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रॅट माऊसला मारून खातो. म्हणजे आपण ज्यांना एकाच नावाने हाक मारतो त्यातला एक दुसऱ्याची शिकार आहे.

हे शेवटचं वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी एमफार्म करत होते तिथे जागा कमी म्हणून एकाच खोलीत समोरासमोर रॅक, इकडे रॅट, तिकडे माऊस, आणि मी आधी रॅटचे पिंजरे बदलायचे आणि तेच ग्लोव्हज घालून माऊसकडे वळायचे. माऊस कोपऱ्यात घट्ट गोळा होऊन बसायचे, हातात घेतले की लगेच लघवी करायचे, मी म्हणायचे किती घाबरट जात आहे ही. तिथले जुने अटेंडंट काका एक दिवस हळूच म्हणाले, "बाय, तुझ्या हाताक मांजराचो वास आसा अशें तांकां दिसता." त्यांना म्हणायचं होतं की रॅटचा वास माऊसला मांजरासारखाच. त्या दिवसापासून मी ग्लोव्हज बदलायला लागले. खोल्या वेगळ्या व्हायला पुढे बराच वेळ गेला.

आता पकडायचं कसं. माऊसला शेपटीने उचलायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच, सोपं पडतं म्हणून. पण २०१० मधे लिव्हरपूल युनिव्हर्सिटीच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं की शेपटीने उचललेले माऊस माणसाच्या हातापासून लांब राहतात आणि त्यांची घबराट वाढते, तेच माऊस एका नळीत शिरवून किंवा दोन्ही हातांच्या ओंजळीत उचलले तर ते स्वतःहून हाताजवळ येतात. नळी म्हणजे काही महागडी वस्तू लागत नाही, साधी प्लास्टिकची पारदर्शक नळी, ती पिंजऱ्यातच ठेवायची, माऊस त्यात शिरला की नळीसकट उचलायचा. मी केलं तेव्हा पहिले दोन-तीन दिवस वेळ जास्त लागला हे खरं, पण नंतर ते आपणहून आत जाऊन बसायचे, आणि घाबरलेल्या प्राण्याचं रीडिंग आपण औषधाचा परिणाम म्हणून वहीत लिहितो, हे एकदा डोक्यात आलं की मग त्या वेळेचा हिशोब कोणी काढत नाही.

रॅटचं वेगळं. त्याला खांद्यामागून हात घालून, दुसऱ्या हाताने खालून आधार देऊन उचलायचं, शेपटीला धरून लटकवलं तर शेपटीची कातडी अक्षरशः सोलून निघू शकते. आणि रॅटला माणसाशी खेळायला आवडतं, हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की रॅटला गुदगुल्या केल्या तर तो साधारण ५० किलोहर्ट्झचे बारीक आवाज काढतो, जसे तो खेळताना काढतो. भीती-त्रासात निघणारा आवाज २२ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. आपले कान २० किलोहर्ट्झपर्यंतच, म्हणजे दोन्ही आपल्याला ऐकूच येत नाहीत, आपण शांत खोलीत उभे आहोत असं आपल्याला वाटत असतं. वयात येणाऱ्या रॅटला रोज थोडा वेळ मानेवर, पोटावर बोटांनी खेळवलं की पुढे इंजेक्शनच्या वेळी हात बघून तो पळत नाही. पण हेच माऊसला करायला जाऊ नका, त्याला उताणं पाडून पोटाला हात लावला की तो जिवाच्या आकांताने धडपडणार.

माझी सगळ्यात मोठी चूक घरट्याच्या बाबतीत झाली. कुठेतरी वाचलं म्हणून मी टिश्यू पेपर आधी रॅटच्या पिंजऱ्यात टाकले, त्यांनी ते ओढले, फाडले, भिजवले, सकाळी नुसता चिखल. मी ठरवून टाकलं की उंदरांना हे नको असतं आणि माऊसला दिलंच नाही. एका शब्दाने केलेला हा घोटाळा. माऊस हा जन्मजात घरटं बांधणारा प्राणी आहे, त्याला ८-१० ग्रॅम चांगला कागद द्या, रात्रभरात तो दातांनी चिरून त्याचं करवंटीसारखं, वरून झाकलेलं घरटं करतो आणि आत जाऊन झोपतो. त्याला त्याची गरज पण आहे, कारण एवढ्याशा देहातून उष्णता भराभर जाते, माऊसला अंगात जास्तीची ऊब तयार न करता आरामात राहायला ३० डिग्रीच्या आसपास लागतं. आपण बाहेर गोव्यात तेवढ्याच तापमानात घाम पुसत असतो आणि आत एसी २२ वर. एसी बंद करा असं मी म्हणत नाहीये, जून-जुलैच्या दमटपणात बेडिंग (पिंजऱ्यात खाली अंथरलेला भुसा) ओलं होऊन अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, पण कागद तर देऊ शकतो ना. सुटा कापूस मात्र नको, त्याचे धागे पायाला गुंडाळतात.

रॅटला कागदाचं काही कळत नाही असंही नाही, लहानपणापासून मिळाला तर तो घरटं करायला शिकतो, मोठेपणी पहिल्यांदा दिला तर नुसता फाडतो. त्याला जास्त हवी असते सोबत, लपायला जागा आणि उंची. कॅनडातल्या मकोव्स्का आणि वेअरी या संशोधकांनी २०१६ मधे दाखवलं की ज्यांना संधी मिळते ते रॅट रोज उभे राहतात, चढतात, उकरतात, आणि बुटक्या पिंजऱ्यातले रॅट त्याऐवजी आडवं अंग ताणत राहतात. ते वाचून मी आमच्या पिंजऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले. एक जण लांब आडवा ताणून आळोखेपिळोखे देत होता, रोज बघायचे ते, मला वाटायचं मजेत आहे.

सोबतीचा पण नियम दोघांना सारखा नाही. नर रॅट सहसा एकत्र नीट राहतात, एकटा ठेवला तर खंगतो. माऊसच्या माद्या एकत्र राहतात, पण मोठे झालेले अनोळखी नर माऊस एका पिंजऱ्यात घातले तर पाठीवर आणि शेपटीच्या मुळाशी चावे, स्विसचे नर तर जास्तच. भाऊभाऊ लहानपणापासून एकत्र ठेवायचे आणि पिंजरा बदलताना जुनं घरटं नव्यात टाकायचं, भांडणं कमी होतात, पण लघवीचा भुसा टाकलात तर उलट वाढतात.

दुखणं ओळखताना तर फार सांभाळायला पाहिजे. माऊसच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पद्धत २०१० ला आली, रॅटची २०११ ला. डोळे बारीक होणं दोघांत आहे, पण वेदनेत माऊसचं नाक आणि गाल फुगीर दिसतात, रॅटचं नाक आणि गाल सपाट होतात. म्हणजे भिंतीवर माऊसचा तक्ता लावून रॅटला मार्क दिले तर दुखत असलेला रॅट पास होऊन जाणार आणि त्याला पेनकिलर मिळणारच नाही. शिवाय रॅटच्या डोळ्यांभोवती कधी विटकरी लाल दिसतं, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रक्त समजून घाबरले, ओल्या कापसाने पुसलं तर गंजासारखा डाग आला. ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा पॉर्फिरिन नावाचा लालसर पदार्थ असतो, आणि तो दिसायला लागला की प्राणी आजारी आहे किंवा ताणात आहे असं समजून शोध घ्यायचा. माऊसमधे असं सहसा दिसत नाही, तिथे बघायचं ते केस पिंजारलेत का, घरटं मोडकं पडलंय का. काल नीट बांधणारा माऊस आज कागदाला हात लावत नसेल तर त्याचं काहीतरी बिनसलंय.

आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांना प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली समितीची परवानगी लागते, फॉर्ममधे जात लिहावी लागते, ती आपण लिहितो पण आणि मग खोलीत येऊन पुन्हा उंदीर म्हणतो. आता मी शिकवते तिथे पिंजऱ्याच्या पाटीवर माऊस किंवा रॅट असंच लिहायला लावते, आणि कामाचा क्रम दारावर लावलाय: सकाळी आधी माऊसची खोली, मग एप्रन-ग्लोव्हज बदलून रॅटची. रॅटकडून माऊसकडे जायचं असेल तर हात धुऊन, सगळं बदलून, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी.