रिकामी गाडी कुणाच्या काट्यावर मोजली?

रविवारी दुपारी घरच्या कॉम्प्युटरवर, विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये, संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून दिल्लीला निघायची तयारी चालली होती. विमान एअरबस ए320. सिमब्रीफने (सिम्युलेटरवाल्यांना उड्डाणाचा हिशेब मांडून देणारी वेबसाइट) काढून दिलेल्या प्लॅनवर इंधन सोडून विमानाचं वजन होतं 59,200 किलो. तेवढेच 150 प्रवासी आणि तेवढंच सामान सिम्युलेटरमध्ये चढवलं, तर तिथे आकडा आला 60,600. हे चौदाशे किलो आले कुठून? मागे आबा चहा पीत बसले होते. त्यांची उभी हयात लातूरच्या मोंढ्यात गेलेली. म्हणाले, "रिकामी गाडी दोघांनी एकाच काट्यावर मोजली का रे?"

नेमकं तेच झालं होतं. सोयाबीनचा ट्रॅक्टर भरलेला मोजतात, मग रिकामा मोजतात. उरतो तो माल. विमानाचा हिशेब उलट्या बाजूने चालतो. विमान दर फेरीला काट्यावर चढत नाही. त्याचं रिकामं वजन कागदावर ठरलेलं असतं, त्यात प्रवासी आणि सामान मिळवलं की होतं झिरो फ्युएल वेट आणि वर इंधन घातलं की टेक-ऑफचं वजन. माझ्या प्लॅनमध्ये रिकामं विमान 42,600 किलोचं, सिमच्या मॉडेलमध्ये 44,000 चं. यात खोटं कुणीच नव्हतं. खुर्च्या, इंजिन, पॅन्ट्री वेगळी असली की एकाच जातीची दोन विमानंही सारख्या वजनाची भरत नाहीत.

दुसरी गफलत बॅगांची. प्लॅनमध्ये 'प्रवासी 100 किलो' म्हणजे बॅगेसकट धरलेला असेल आणि सिममध्ये बॅगा पुन्हा वेगळ्या चढवल्या, तर माणशी 20 किलोच्या हिशेबाने 150 जणांचे तीन टन जास्त भरतात. बारदाना दोनदा धरण्यासारखंच हे! किलो आणि पौंडांची अदलाबदल झाली तर बोलायलाच नको. एक किलो म्हणजे 2.2 पौंड.

आता चौदाशे किलोंनी बिघडतं काय? खरं सांगायचं तर फार नाही. पंखांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून लागणारा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो: वजन 10 टक्के जास्त, तर वेग सुमारे 5 टक्के जास्त. माझ्या 67 टनांच्या विमानाला चौदाशे किलोंचा फरक दीड नॉटही (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) पडत नाही. जादा वजन वाहायला तासाला त्या वजनाच्या साधारण 3 टक्के इंधन जातं, असा जेट विमानांचा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे दिल्लीपर्यंत 80 किलोंच्या आसपास. एवढं राखीव इंधनात खपून जातं.

पण चूक शंभर टनांची झाली की वर्गमूळही वाचवत नाही. 20 मार्च 2009 रोजी मेलबर्नहून निघालेल्या एमिरेट्सच्या ए340 चं वजन होतं 362.9 टन, हिशेबात पडलं 262.9. एकच अंक! नुसत्या वर्गमुळाने पाहिलं तरी वेग 15 टक्के कमी निघतो. शिवाय विमान हलकं समजून इंजिनांची ताकदही कमी ठेवलेली. नाक उचललं, पण विमान उठेना. शेपूट धावपट्टीवर घासत गेली. कसंबसं ते हवेत गेलं, परत येऊन सुखरूप उतरलं.

नाक उचलायला उशीर झाला तर काय होतं, हे संभाजीनगरकरांना सांगायला नको. 26 एप्रिल 1993 ला इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 धावपट्टीपलीकडच्या बीड रोडवर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, 55 जण गेले. तिथे वजनाचा आकडा चुकला नव्हता. चौकशीत वैमानिकाने नाक उशिरा उचलल्याचं आणि रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचं कारण पुढे आलं. पण नाक कोणत्या वेगाला उचलायचं, हे आधी वजनच ठरवतं. त्यात एप्रिल-मेमधली आपल्याकडची चाळिशीपार हवा विरळ, धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटरवर. विमान जास्त पळतं.

इलाज सोपा आहे. प्रवासी कमी-जास्त करून आकडा जमवायचा मोह होतो, तो टाळा. सिमब्रीफमध्ये आपल्या विमानाची वेगळी नोंद करून त्यात सिमच्या मॉडेलचं रिकामं वजन लिहा, माणशी वजन आणि बॅगा दोन्हीकडे सारख्या धरा, मग झिरो फ्युएल वेट ताडून पाहा. इंधन भरायचं ते त्यानंतर. मी 44,000 लिहिलं, प्लॅन पुन्हा काढला. दोन्हीकडे 60,600. आबांनी कप खाली ठेवला. "आता पावती फाड," म्हणाले.