घाटमाथा ते शिरोळ, एकाच चौकोनात

कोल्हापुरात महापूर फुटांत मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना पोचली की इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांपलीकडे गेली, २०२१च्या जुलैत ५६च्याही वर. असे पूर आता वारंवार येणार का, याचं उत्तर संगणकावरच्या हवामान मॉडेलकडे मागितलं जातं. पण कितीतरी वर्षं या मॉडेलना कोल्हापूर दिसतच नव्हतं.

स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदरल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७मध्ये अख्ख्या पृथ्वीसाठी हवेचा एकच उभा स्तंभ धरून हवामानाचं गणित मांडलं. (मनाबेंना नोबेल मिळालं ते २०२१मध्ये.) पुढे जागतिक मॉडेल आली. त्यांत पृथ्वीचे दोन-तीनशे किलोमीटरचे चौकोन पाडलेले असत आणि एका चौकोनाला एकच उंची, एकच पाऊस. सह्याद्री त्यात सपाट होऊन जाई. गगनबावड्यात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, तर जेमतेम ८० किलोमीटर पूर्वेला शिरोळमध्ये काहीशेच. दोन्हींची सरासरी ना घाटमाथ्याच्या कामाची, ना शिरोळच्या.

१९८९-९०च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट डिकिन्सन, फिलिपो जॉर्जी आदींनी तोडगा काढला. हवा तेवढाच प्रदेश बारीक चौकोनांत घ्यायचा आणि त्याच्या सीमेवरचे वारे, बाष्प, तापमान जागतिक मॉडेलकडून उसनं आणायचं. ब्रिटिश हवामान खात्याचं ‘प्रेसिस’ याच जातीचं. ते पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत ५० किलोमीटरच्या चौकोनांवर भारतासाठी चालवलं गेलं. २००९पासून ‘कॉर्डेक्स’ या जागतिक उपक्रमातून दक्षिण आशियासाठीही अशी गणितं झाली.

तरी ५० किलोमीटरही इथे ढोबळच. शिवाय पावसाळी ढग चौकोनापेक्षा लहान, म्हणून त्यांचा पाऊस सूत्रानं अंदाजावा लागतो, आणि अतिवृष्टीचे आकडे नेमके तिथेच चुकतात. चौकोन साधारण चार किलोमीटरच्या खाली आले तर मोठे ढग गणितातच उभे राहतात. मात्र चौकोनाची बाजू निम्मी केली की काम सुमारे आठपट वाढतं. त्यामुळे इतक्या बारकाईनं अनेक दशकांचं गणित करणं फार खर्चिक पडतं.

२०१८मध्ये ‘प्रत्यूष’ महासंगणक आल्यावर देशाचा अंदाज १२ किलोमीटरवर आला, २०२५मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मुळे सहावर. बातम्यांत हे आणि हवामान बदलाचं मॉडेल एकच असल्यासारखं येतं. तसं नाही. हा पुढच्या काही दिवसांचा अंदाज असतो. २०५०च्या पावसाळ्यांचं गणित वेगळं चालवावं लागतं, आणि तेही पावसापाशीच थांबतं. बंधाऱ्यावर किती फूट चढेल, यासाठी राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आणि पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णेची पातळी धरणारं नदीचं मॉडेल त्याला जोडावं लागतं.